ड्यूकच्या मागे लागलेलं अर्धं इंदूर

गेल्या अंकात 'दुपारी झोप येत नाही, काहीतरी हलकंफुलकं सुचवा' या प्रश्नाला उत्तर देताना मी ओघात रीजन्सी रोमान्सचं नाव काढलं, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातल्या बड्या घरांमधल्या लग्नाळू कादंबऱ्या, आणि मग काय, पत्रं काय नि व्हॉट्सॅप काय, थांबायलाच तयार नाही. म्हणून या वेळी बाकी सगळे प्रश्न बाजूला. केसगळतीवाल्यांनी आणि सासूसुनेवाल्यांनी रागावू नये, पुढच्या अंकात पहिला नंबर तुमचाच.

प्रश्न : ताई, मी रिटायर्ड शिक्षिका, आयुष्यभर गणित शिकवलं. सुनेच्या किंडलवर एक असली कादंबरी सहज उघडली आणि आता एकामागून एक वाचून राहिलेय. शेवटी लग्न होणार हे पहिल्या पानापासून माहीत असतं तरी रात्री दोन-दोन वाजतात. आमचे हे म्हणतात, या वयात हे काय थेर. यात असं आहे तरी काय? — एक आजी, रामबाग

आजी, आधी आजोबांचा बंदोबस्त करू. १९८३ च्या वर्ल्ड कपच्या फायनलचे हायलाइट्स यूट्यूबवर लागले की ते हलतात का हो खुर्चीवरून? कपिल कॅच घेणार हे माहीत असतं ना? मग झालं तर. शेवट माहीत असला की माणूस 'काय होणार' सोडून 'कसं होणार' बघायला लागतो, आणि खरी मजा त्यातच असते.

आता तुमचं गणित. तुम्हाला हे आवडलं यात मला काही नवल वाटत नाही, कारण या कादंबऱ्या म्हणजे नियमांचा खेळ आहे सगळा. काळ बघा किती छोटा, राजा तिसरा जॉर्ज, त्याचं डोकं ताळ्यावर राहिना म्हणून ५ फेब्रुवारी १८११ ला त्याच्या मुलाला रीजंट केलं, म्हणजे बापाच्या नावानं कारभार बघणारा युवराज, आणि २९ जानेवारी १८२० ला म्हातारा गेला की खलास. पुरती नऊ वर्षंसुद्धा नाहीत! पण त्या नऊ वर्षांत कादंबऱ्यांनी इतक्या पार्ट्या, इतके साखरपुडे आणि इतकी पळापळ कोंबलीय की खरं लंडन तेवढ्यानं कोसळलं असतं. (आणि पळून जायचं झालं की सगळे स्कॉटलंडच्या ग्रेटना ग्रीनलाच का जातात असंही एकीनं विचारलंय, तर १७५३ च्या इंग्लिश कायद्यानं २१ वर्षांच्या आत लग्नाला आईबापाची संमती लागायची, स्कॉटलंडात तो कायदा लागू नव्हता, आणि बॉर्डर ओलांडल्या ओलांडल्या हे गाव लागायचं. दोन साक्षीदारांसमोर गावचा लोहारसुद्धा लग्न लावून द्यायचा.)

नियम कसे ते सांगते. लंडनला आल्मॅक्स नावाचा एक हॉल होता, सीझनमध्ये दर बुधवारी रात्री तिथे बॉल. आत जायचं तर पैसा असून उपयोग नाही, हॉल चालवणाऱ्या सहा-सात बड्या बायका ठरवणार कोणाला व्हाउचर द्यायचं आणि कोणाला नाही. अकरानंतर आलात तर दार बंद, मग तुम्ही कोणी का असेना. आणि एवढं करून आत खायला काय, तर पावाचे पातळ काप, लोणी, कोरडा केक आणि लिंबू सरबत. सराफ्यात रात्री अकराला कोणी असं ताट मांडून दाखवावं!

मग आतले नियम. ओळख करून दिल्याशिवाय बोलायचं नाही. एकाच पुरुषाबरोबर एका संध्याकाळी दोनपेक्षा जास्त डान्स केले की लोकांनी लग्न ठरलं असंच धरायचं. साखरपुडा झाला नसेल तर एकमेकांना पत्र लिहायचं नाही. वॉल्ट्झ आला, म्हणजे पुरुषाचा हात चक्क कमरेवर, तेव्हा रीजंटच्या १८१६ च्या बॉलवरून लंडनच्या 'टाइम्स'नं आईबापांना इशारा दिला होता की आपल्या मुलींना या निर्लज्ज नाचापासून सांभाळा. आता एवढी बंधनं घातल्यावर काय होतं, की त्यानं तिचा हातमोजा उचलून दिला तरी तीन पानं चालतात, आणि आपण वाचतो! आजच्या जगात दोघं सरळ चॅटवर भेटतात, तिथे तीन पानं करायची कशाची?

आणि आपल्याला हे परकं वाटत नाही ते उगाच नाही. मुलाचं उत्पन्न किती, घर स्वतःचं की वडिलांचं, मुलीच्या मावशीचं कोणाशी काय झालं होतं, हे सगळं 'सहज' विचारायची कला आपल्या रामबागेत आणि लोकमान्य नगरात काय कमी आहे? फरक एवढाच की तिथे वर्षाला दहा हजार पाउंड म्हणतात आणि इथे पॅकेज म्हणतात. ज्याला घरात दोन मुलींची लग्नं ठरवायचा अनुभव आहे ना, त्याला या कादंबऱ्या कळायला इंग्लंडचा इतिहास लागत नाही.

प्रश्न : मी आयटीत आहे, विजय नगरला पीजीत राहते, घरचे स्थळं बघतायत आणि मी त्यांच्याशी भांडतेय. आणि रात्री वाचते काय, तर मुली नवरा शोधतायत! मैत्रिणी हसतात. स्वतःला फेमिनिस्ट म्हणवून हे वाचणं म्हणजे डबल स्टँडर्ड नाही का? — नाव नको

मला तर उलट वाटतं. तू ज्या भांडणात आहेस तेच भांडण त्या पुस्तकात चाललंय, फक्त कपडे वेगळे.

त्या काळात बाईचं लग्न झालं की तिचा पैसा, तिची मिळकत, कायद्यानं सगळं नवऱ्याचं. हे बदलायला १८७० आणि मग १८८२ चा कायदा यावा लागला. घटस्फोट पाहिजे तर पार्लमेंटमधून खास कायदा करून घ्यायचा, म्हणजे सामान्य माणसाला नाहीच. तेव्हा लग्न हा त्या मुलीच्या आयुष्यातला एकमेव मोठा व्यवहार, आणि त्यात तिच्या हातात एकच पत्ता : नाही म्हणण्याचा. तो पत्ता ती कधी टाकते, कोणावर टाकते, टाकल्यावर घरी काय होतं, यावर ही सगळी इंडस्ट्री उभी आहे बघ.

जेन ऑस्टिन, जिच्यापासून हे सगळं आलं, तिचं स्वतःचं ऐक. १८०२ चा डिसेंबर, ती सत्तावीस वर्षांची व्हायला आलेली, हातात पैसा नाही, मैत्रिणींच्या घरी राहायला गेलेली. त्या घरचा मुलगा, हॅरिस बिग-विदर, मोठ्या इस्टेटीचा वारस, त्यानं मागणी घातली. ती हो म्हणाली. सगळं घर खूश. आणि रात्र गेली नि सकाळी उठून तिनं नाही म्हणून सांगितलं आणि तिथून निघून आली. विचार कर त्या घरातल्या नाश्त्याच्या टेबलाचा! हो म्हटलं असतं तर म्हातारपणाची सोय होती, आईची नि बहिणीचीसुद्धा. मग जन्मभर लग्न केलं नाही, आणि 'प्राइड अँड प्रेज्युडिस' १८१३ साली आली तेव्हा तिचे सगळे हक्क ११० पाउंडात विकून मोकळी झाली होती, वर पुस्तकावर नावसुद्धा नाही.

त्याच कादंबरीत एलिझाबेथ पहिल्या स्थळाला नाही म्हणते, दुसऱ्या, दहा हजारवाल्यालाही आधी नाहीच म्हणते. पण मला स्वतःला तिची मैत्रीण शार्लट जास्त लक्षात राहते, जी सत्तावीस वर्षांची आहे, दिसायला साधी आहे, आणि एलिझाबेथनं नाकारलेल्या त्या बावळट पाद्र्याला शांत डोक्यानं हो म्हणते, कारण तिला घर पाहिजे. ऑस्टिन तिला व्हिलन करत नाही हे बघ. तुझ्या मैत्रिणींमध्येही एक शार्लट असेल, तिला हसू नका.

हां, एक आहे. आत्ताच्या काही लेखिका अशा नायिका करतात की १८१५ सालात बसून सगळी भाषा २०२० ची, आणि नायकही सगळं ऐकून घेणारा, थेरपी करून आल्यासारखा. ते मला फालतू वाटतं, कारण नियमच नाहीत तर मोडायचं काय? पण थकून घरी आल्यावर कोणाला तेच पाहिजे असतं, त्यालाही माझी हरकत नाही.

प्रश्न : तुमचा मजकूर वाचला. मी इतिहासाचा वाचक. ज्या वर्षांत इंग्रजांनी आपली राज्यं गिळली त्याच वर्षांतल्या त्यांच्या नाचगाण्यांचं कौतुक इंदूरच्या मासिकानं करावं याचं वाईट वाटलं. — एक काका, नारायण बाग

काका, तारखा तुमच्या अगदी बरोबर, आणि हा प्रश्न कोणी विचारतंय का याची मी वाटच बघत होते.

२१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला क्षिप्रेच्या काठी होळकरांची फौज हरली, गादीवर लहानगा मल्हारराव, त्याची बहीण भीमाबाई घोड्यावरून लढली असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह, त्याच वर्षी होळकरांची राजधानी इंदूरला आली, तिकडे बाजीरावाची पेशवाई बुडाली. म्हणजे आज आपण ज्याला आपलं शहर म्हणतो त्याचं हे रूप त्या रीजन्सीतच ठरलं. आणि ज्या डिसेंबरात महिदपूर झालं त्याच डिसेंबरात तिकडे लंडनच्या दुकानांत ऑस्टिनच्या शेवटच्या दोन कादंबऱ्या आल्या. ती स्वतः जुलैतच गेली होती.

कादंबऱ्यांमध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टन कुठल्या तरी पार्टीत येऊन नायिकेशी दोन शब्द बोलून जातो, वॉटर्लूचा हीरो म्हणून सगळ्या बायका माना वळवून बघतात. हाच आर्थर वेलस्ली २३ सप्टेंबर १८०३ ला असईला शिंदे आणि भोसल्यांच्या तोफांसमोर उभा होता, आजच्या जालना जिल्ह्यात. म्हातारपणी त्याला विचारलं की आयुष्यात सगळ्यात चांगलं काय लढलास, तर म्हणे तो वॉटर्लू बोलला नाही, असई बोलला. हे त्या बॉलरूममध्ये कोणी काढत नाही.

पण तुम्ही नीट वाचलंत तर आपण त्या पानांवर जागोजागी आहोत. नायिकेचा पांढरा झिरझिरीत मलमलचा झगा, त्या कापडाची फॅशन ढाक्याच्या मलमलीनं लावलेली. खांद्यावर शाल काश्मीरची, आणि ती परवडत नाही म्हणून पेस्ली गावात तिची नक्कल विणली जायची. अचानक पैसेवाला होऊन परत आलेला काका, तो हिंदुस्थानातून आलेला. ऑस्टिनच्या घरातच बघा, तिच्या आत्याला, फिलाडेल्फियाला, १७५२ साली जहाजावर बसवून हिंदुस्थानात पाठवलं, का, तर तिथे कंपनीचे बिनलग्नाचे गोरे भरपूर, नवरा मिळेल. मिळालाही. तिची मुलगी कलकत्त्याला जन्मली, आणि धर्मपिता कोण, तर वॉरन हेस्टिंग्ज. खुद्द रीजंटला तर आपल्या घुमटांचं एवढं वेड लागलं की ब्रायटनला समुद्रकाठी महाल बांधला तो बाहेरून बघितला तर वाटावं कोणा नवाबाचा आहे. आणि मग आपल्या होळकरांनी लालबागला फाटक केलं ते बकिंगहॅमच्या धर्तीचं म्हणून आपण पाहुण्यांना कौतुकानं दाखवतो. हिशोब कुठे कुठे मांडणार काका?

मी कौतुक करते ते गोष्ट सांगण्याच्या कलेचं, त्या साम्राज्याचं नाही. आणि या कादंबऱ्या काय काय लपवतात हे मला सांगायलाच पाहिजे : गिरण्यांची यंत्रं फोडणारे विणकर, १६ ऑगस्ट १८१९ ला मँचेस्टरला सेंट पीटर्स फील्डच्या मैदानात जमलेल्या साध्या लोकांवर घोडेस्वार घातले ते, वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या घामावर चालणाऱ्या इस्टेटी. नायकाचं उत्पन्न नेमकं येतं कुठून हा प्रश्न मनात ठेवून एक कादंबरी वाचा, तुमच्यासारख्याला तर दुप्पट मजा येईल. नाही आली तर मला शिव्या घाला, याच पत्त्यावर.

प्रश्न : आपल्या मराठीत असं का नाही? पेशवाईतली, होळकरशाहीतली छान हॅपी एंडिंगवाली लव्हस्टोरी कोणी लिहीत का नाही? — एक होऊ घातलेली लेखिका, राजेंद्र नगर

मला वाटतं लेखकांचा आळस नाही हा, अडचण खरीच आहे. असल्या कादंबरीला काय लागतं? अठरा-वीस-पंचवीस वर्षांची बिनलग्नाची मुलगी, जिला पार्टीत चार लोक भेटतात आणि जी हो-नाही म्हणू शकते. आता पुण्यात किंवा महेश्वरला १८११ सालातल्या चांगल्या घरातली अशी मुलगी दाखव मला. आठ-दहा वर्षांची असताना लग्न होऊन मोकळी! नवरा गेला तर तिचं काय व्हायचं ते मी सांगायला नको. प्रेम होत नव्हतं असं नाही म्हणत मी, पण जे व्हायचं ते लग्नानंतर, आणि आपल्या ऐतिहासिक कादंबरीनं तेच धरलं. रणजित देसाईंच्या 'स्वामी'त, १९६२ ची ती, माधवराव-रमाबाईंचं किती हळुवार आहे सगळं, पण शेवट थेऊरला. तो बदलता येत नाही ना, इतिहास आहे. मोठी नावं घेतली की शेवट आधीच लिहून ठेवलेला असतो, आणि आपल्याला मोठी नावंच लागतात. त्या इंग्लिश बायका काय करतात, राजा-सेनापती बाजूला ठेवून एक काल्पनिक ड्यूक उभा करतात. (खरे ड्यूक सगळे मिळून दोन-तीन डझनसुद्धा नसतील, त्यातले बरेच म्हातारे, गाउटनं पाय सुजलेले आणि बायकामुलंवाले. कादंबऱ्यांतले मोजले तर इंदूरच्या ट्रॅफिकएवढे भरतील.)

आपल्याकडे मुलामुलींनी भेटून, आवडून, रुसून मग लग्न करायच्या कादंबऱ्या आल्या त्या फडक्यांच्या काळात, कारण तोवर मुली कॉलेजात जायला लागल्या होत्या. १९२९ चा शारदा कायदा, मुलीच्या लग्नाचं वय निदान चौदा, त्याच सुमाराचा. आधी मुलीला मोठं होऊ द्यावं लागतं, मग रोमान्स.

तेव्हा तू होळकरांच्या दरबारात जाऊ नकोस. १९३० च्या आसपासचं इंदूर घे. कापडाच्या मिल जोरात, कॉलेजात पहिल्या-पहिल्या मुली, सरकारी नोकरीतले मराठी कारकून, गणपतीतली नाटकं, पुण्याहून आलेलं शिष्ट स्थळ आणि इथली मराठी ऐकून नाक मुरडणारी त्याची आई. नियम पाहिजे तेवढे आहेत आणि मोडायला जागाही आहे. वारसाचा गुंता घालायचा तर तोही आपला घाल, त्यांचा उचलू नकोस, कारण 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधल्या एलिझाबेथच्या बेनेट घराला मुलगा नाही म्हणून घर दूरच्या भावाकडे जातं हे रडगाणं आपल्याकडे चालतच नाही, आपण दत्तक घेऊन विषय मिटवला असता. इंग्लंडात दत्तकाचा कायदाच १९२६ ला आला.

लिहून झाली की पहिली तीन प्रकरणं पाठव, मी खरंच वाचेन.

प्रश्न : सिरीयल बघून उत्सुकता वाटली, पण इंग्लिश बेताचं आहे. सुरुवात कुठून करू? आणि मुलीच्या हातात द्यायला चालतील का? — एक आई, सुदामा नगर

सिरीयल म्हणजे ती २०२० च्या डिसेंबरात नेटफ्लिक्सवर आली ती, ब्रिजर्टन, बरोबर ना? दुसऱ्या सीझनमध्ये शर्मा बहिणी आल्या, हळदसुद्धा लागली, तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये चार दिवस दुसरा विषय नव्हता. ती ज्या पुस्तकांवरून घेतली ती पुस्तकं आताच्या काळातली आहेत, भाषा सोपी, वाचायला सर्रकन जातात, पण बेडरूमचं दार तिथे बंद होत नाही, तेव्हा आधी तुम्ही वाचा आणि मग मुलीचं वय बघून ठरवा. ती कॉलेजात असेल तर ठरवायचं राहिलंच नाही, तिनं वाचून झालेली असतील.

दार बंद ठेवून हसवणारं पाहिजे असेल तर जॉर्जेट हेयर. या बाईनं १९३५ मध्ये 'रीजन्सी बक' लिहिली आणि आज आपण ज्याला रीजन्सी रोमान्स म्हणतो तो साचा तिच्याकडून आला. कपडे, घोडागाड्या, शिव्या, दुकानांचे भाव, सगळ्याच्या वह्या भरून ठेवलेल्या, वॉटर्लूवर १९३७ ला लिहिलं तर लढाईसुद्धा तारीखवार. पण दोन गोष्टी सांगून ठेवते. तिची ती जुनी स्लँग पहिल्या पन्नास पानांत डोक्यावरून जाते, जाऊ द्यायची, अडायचं नाही, पुढे आपोआप लागते. आणि 'द ग्रँड सोफी' नावाची तिची भारी गाजलेली कादंबरी आहे, १९५० ची, त्यात एका ज्यू सावकाराचं चित्र इतकं ओंगळ काढलंय की मी ती कोणाला पहिली म्हणून देत नाही.

इंग्लिश बेताचं असेल तर माझा सल्ला उलटाच आहे, थेट 'प्राइड अँड प्रेज्युडिस' घ्या पण आधी सिनेमा किंवा सिरीयल बघून घ्या, म्हणजे कोण कोणाची मावशी ते डोक्यात बसतं आणि मग वाक्यं लांब असली तरी हरवायला होत नाही. रोज एकच प्रकरण, प्रकरणं छोटी आहेत. मोबाइलवर वाचणार असाल तर ऑस्टिनच्या सगळ्या कादंबऱ्यांचे कॉपीराइट केव्हाच संपलेत, फुकट डाउनलोड होतात, कोणाला विचारायची गरज नाही. हेयरचं तसं नाही, तिची विकत घ्या किंवा लायब्ररीत मागा, जुन्या लायब्रऱ्यांच्या खालच्या फळीवर बहुतेक पडलेली असतात.